पप्पा बोटीवर आहेत

शाळेचा फोन आला तेव्हा वैशाली परुळेकर दादरच्या हिंदमाता मार्केटातल्या दुकानात एका गिऱ्हाइकासमोर एकविसावी साडी उलगडत होती. गिऱ्हाईक लग्नघरातलं होतं. पाच बायका आणि पाचजणींची सहा मतं. फोनवरचं बोलणं ऐकून तिने साडी होती तशीच सोडली आणि गल्ल्याकडे वळून म्हणाली, "शेट, मला शाळेत जायला लागेल."

"परत? जूनपासूनची ही चौथी खेप आहे, वैशालीबेन. आणि आज शनिवार."

"चौथी आहे ते मला माहितीये."

शेटनी हातानेच 'जा' म्हटलं. हल्ली दुकानात वैशालीशी दुसरं वाक्य बोलायच्या भानगडीत कुणी पडत नसे.

मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत ऋता भिंतीला टेकून उभी होती. वय वर्षं सात, इयत्ता दुसरी. वेणी सुटलेली, हनुवटी वर, डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. तिने राधाच्या कपाळात स्टीलची पाण्याची बाटली घातली होती. राधा तिच्याच वर्गातली आणि त्यांच्याच चाळीतली, त्याच मजल्यावरची. तिला तीन टाके पडले होते.

"जूनमध्ये हिने व्हॅनवाल्या काकांना चावा घेतला," बाई म्हणाल्या. "जुलैमध्ये एका मुलाचा डबा तिसऱ्या मजल्यावरून खाली टाकला. मागच्या आठवड्यात 'माझे बाबा' या विषयावर पाच ओळी लिहायला दिल्या, तर हिने स्वतःची वही फाडलीच, शेजारणीची पण फाडली. तुमच्या घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे," वैशाली म्हणाली. हे दोन शब्द ती गेलं वर्षभर इतक्या वेळा बोलली होती की ते आता घशातून न येता नुसते ओठांवरून पडत.

वर्गशिक्षिका प्रिती मॅडम बाजूला उभ्या होत्या. त्या वैशालीकडे बघत राहिल्या. त्यांना ठाऊक होतं. शाळेच्या फॉर्मवर वैशालीनेच खरं लिहिलं होतं, आणि वर मॅडमना हात जोडून सांगितलं होतं, की पोरीसमोर कृपा करून बोलू नका.

रस्त्यावर आल्यावर भारतमाता टॉकीजच्या सिग्नलजवळ वैशाली थांबली आणि तिने पोरीच्या कानाखाली एक लगावली.

"का मारलंस राधाला? बोल! तोंड नाहीये का तुला?"

ऋताने गालावर हातसुद्धा नेला नाही. "अजून मार," ती म्हणाली.

वैशालीचा हात परत उठला आणि तसाच खाली आला. उसाच्या रसाचा गाडीवाला बघत होता, बसस्टॉपवरची माणसं बघत होती. बघू देत. वर्षभर सगळे बघतच होते की.

चाळीचे जिने चढून वर आल्या, तर राधाची आई गॅलरीत कमरेवर हात ठेवून उभी. वैशाली माफी मागायला तोंड उघडणार, एवढ्यात तीच सुरू झाली.

"माझी पोरगी एकच वाक्य बोलली, वैशाली. एकच. आणि ते पण खरं. 'तुझे पप्पा मेलेत, आमच्या सगळ्यांना माहितीये.' झालं? वर्षभर मी तिचं तोंड दाबून धरलं, तुझ्या सासूने शपथ घातली म्हणून. सात वर्षांचं पोर आहे गं माझं, कितीक दिवस गप बसेल? आणि खरं बोलली म्हणून टाके पडावेत?"

वैशालीने वळून बघितलं. ऋता नव्हती. ती केव्हाच घरात गेली होती.

तर गोष्ट अशी होती. वैशालीचा नवरा अमित बोटीवर स्टुअर्ड होता. प्रवाशांच्या मोठ्या बोटी असतात ना, त्यांवर. आठ महिने समुद्रावर, तीन महिने लालबागला. गेल्या सप्टेंबरमध्ये तो रजेवर असताना त्याला डेंग्यू झाला. हॉस्पिटलात चार दिवस, आणि चौथ्या दिवशी संपलंच. ऋताला पहिल्याच दिवशी गिरगावला मावशीकडे पाठवलं होतं, हॉस्पिटलात लहान मुलांना सोडत नाहीत म्हणून. मग तिला तेरावं होईपर्यंत तिथेच ठेवायचं ठरलं. आणि मग, पोरगी परत यायच्या आदल्या दिवशी, वैशालीच्या सासूबाईंनी, सुंदराबाईंनी, चाळीतल्या बायकांना घरात बोलावून सांगितलं, "चेडू ल्हान आसा. तिका काय कळता? बरो होवन बोटीर गेलो म्हणान सांगूया. जाणती झाली काय मगे सांगू."

वैशाली त्या दिवशी कोपऱ्यात बसली होती. तिने मान हलवली की नाही, हे तिला आजही नक्की सांगता आलं नसतं. पण ती नाही म्हणाली नाही, एवढं खरं.

आणि चाळीने ते मनावर घेतलं. गणपतीच्या वर्गणीवरून एकमेकांची डोकी फोडणारी ही माणसं, या एका गोष्टीवर एकदिलाने उभी राहिली. भिंतीवर अमितचा फोटो लागला नाही. चौदा खोल्यांतल्या एकूण एक पोराला दम दिला गेला. तळाच्या खोलीतले गुणाजी आजोबा, जे आयुष्यात वेंगुर्ल्याच्या पुढे गेले नव्हते, ते ऋताला सांगायचे, "तुझ्या पप्पाची बोट आता ऑस्ट्रेलियाला लागली असेल बघ." अमितचा धाकटा भाऊ विनीत दर महिन्याला परदेशी चॉकलेटं आणायचा, पप्पांनी पाठवली म्हणून. सगळे पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि मग आपल्या चांगुलपणाने आपलेच डोळे पुसायचे.

वैशालीच्या वाट्याला काय आलं? नवऱ्यासाठी तिला घरात रडायची सोय राहिली नाही. पोरगी जागी असली की बोट चालू. दिवाळीला कंदील लागला, कारण नाही लावला तर पोरगी विचारेल. दुकानात नोकरी धरली ती पैशासाठी, हे खरंच. पण सकाळी साडेदहा ते रात्री साडेनऊ घराबाहेर राहायला मिळतं, हेही तितकंच खरं होतं. साडीच्या ट्रायल रूमच्या पडद्यामागे उभं राहून तिने जेवढं रडून घेतलं, तेवढंच. आणि मग ऋताला वडील नव्हते, ते नव्हतेच, आईसुद्धा दिवसातून जेमतेम अर्धा तास उरली. हे तिला कळत होतं. कळून ती रोज दहा वाजता चपला घालत होती.

त्या दुपारी ती परत दुकानात गेली नाही. सुंदराबाई पाण्याच्या रांगेत होत्या. खोलीत ऋता दिसेना. मग पोटमाळ्यावरून पुटपुटणं ऐकू आलं. वैशाली शिडीच्या दोन पायऱ्या चढली. गाद्यांच्या मागे ऋता सासूबाईंचा फोन तोंडाजवळ धरून बसली होती. आईला बघताच तिने फोन पाठीमागे लपवला.

"कुणाशी बोलतेयस? दे इकडे."

"नाही देणार."

वैशालीने तो हिसकावून घेतला. व्हॉट्सॲप उघडं होतं, वरती नाव होतं, 'अमित'. खाली निळ्या-पांढऱ्या आवाजाच्या पट्ट्यांची रांग, वर वर सरकवत गेलं तरी न संपणारी. आणि मधेमधे उत्तरं. अमितच्या नंबरावरून.

ती खाली उतरली, मोरीच्या कट्ट्यावर बसली आणि एकेक पट्टी ऐकायला लागली.

"पप्पा, मी ऋता. मी कट्टी घेतलेली ना, ती सोडली. बट्टी. आता फोन कर." खाली उत्तर: 'हो बाळा. कामात आहे.'

"पप्पा, तू अजून रागावलायस? मी पेंग्विन बघायला नाही मागणार. कधीच नाही मागणार."

"पप्पा, आज मी सगळं जेवली. दोडका पण."

"पप्पा, बट्टी म्हणजे बट्टी असते ना? मग फोन का नाही करत?" खाली एक हसरा चेहरा.

"पप्पा, चॉकलेटवर लालबागच्या दुकानाचं स्टिकर होतं. तू लालबागला आलेलास तर घरी का नाही आलास?"

याला उत्तर नव्हतं. आणि शेवटची पट्टी, दहा मिनिटांपूर्वीची. "पप्पा, राधा बोलली तू मेलास. मी तिला मारलं. पण तू खरंच मेला असशील तर तसं सांग." आणि त्याखाली, वैशाली हातात फोन धरून बसलेली असतानाच, नवीन उत्तर येऊन पडलं: 'असं बोलायचं नसतं. मी मस्त आहे. गुड गर्ल बनून राहा.'

विनीत दादरला एका कुरियरच्या ऑफिसात होता. वैशालीने त्याला फोन करून फक्त 'घरी ये' एवढंच सांगितलं. तो अर्ध्या तासात आला. पाण्याचे हंडे आत ठेवून सुंदराबाईही आल्या. ऋता पोटमाळ्यावरून खाली यायला तयार नव्हती.

"अमितचा फोन तुझ्याकडे आहे," वैशाली म्हणाली.

विनीतने तिच्या हातातला फोन बघितला आणि तो खालीच बसला. "कंपनीचे पैसे सुटायचे होते ना, वहिनी. ओटीपी त्याच नंबरावर यायचा. म्हणून चालू ठेवलेला."

"ओटीपीला 'गुड गर्ल' म्हणतोस का रे तू?"

"वहिनी, ऐका ना—"

"काय ऐकू? मेलेल्या माणसाच्या नावाने तू सात वर्षांच्या पोरीशी गप्पा मारतोस. तिने विचारलं, मेलास का. सरळ विचारलं. तुझी बोटं कशी चालली रे, 'मस्त आहे' लिहायला?"

"मग काय लिहू?" विनीतचा आवाज फाटला. "तिचा पहिला मेसेज आला तेव्हा मी दादाचा फोन हातात घेऊन बसलेलो. रात्रंदिवस तसाच बसायचो. आणि त्याच्यातून 'पप्पा' असा आवाज आला. नाही जमलं मला गप बसायला. मला वाटलं, पोरीला बरं वाटेल."

"पोरीला की तुला?"

"त्याका कशाक बोलतंस?" सुंदराबाई मधे पडल्या. "माका बोल. मीच सगळ्यांका सांगलंय. माझो बापूस गेलो तेव्हा मी हिच्याएवढीच होतंय. माका धरून मढ्याच्या पायार डोक्यां टेकूक लावल्यानी. साठ वर्सां झाली, ते पाय माका अजून दिसतत. माझ्या नातीक ता नको होता. चुकलंय?"

वैशालीला सासूची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखी संताप आला. कुणावर नीट चिडायचीही सोय नव्हती या घरात. जो तो आपलं दुःख पुढे धरून उभा.

"आई, तुम्हाला निदान पाय तरी दिसतात," ती म्हणाली. "तिला काय दिसतंय माहितीये? तिला दिसतंय की तिने कट्टी घेतली म्हणून बाप रुसून निघून गेला. वर्षभर ती त्याची माफी मागतेय. आणि आपण तिला हसरे चेहरे पाठवतोय."

"पुढल्या आठवड्यात वर्षश्राद्ध आसा," सुंदराबाई हळूच म्हणाल्या. "ता होवंदे. तिका चार दिवस गिरगावाक धाड. मगे—"

"ती कुठेही जाणार नाही. तुम्ही दोघं बाहेर जा."

"खंय बाहेर?"

"गॅलरीत. कुठेही. बाहेर जा."

आणि वैशालीने दार लावलं. त्या चाळीत संध्याकाळी पाचला दार लावायचं म्हणजे घरात काहीतरी भयंकर घडतंय असंच समजतात. बाहेर कुजबुज सुरू झालेली तिला ऐकू आली. तिने कडीही घातली.

"ऋता, खाली ये. मी मारणार नाही."

पहिल्यांदा पाय आले, मग फ्रॉक, मग तो घट्ट मिटलेला चेहरा. वैशालीने मनात वाक्यं जुळवली होती, देवाघरी, आकाशात, तारा. ती सगळी तिने गिळली.

"पप्पा मेले. राधा खरं बोलली."

"कधी?"

"तू मावशीकडे होतीस तेव्हा. चौथ्या दिवशी, पहाटे."

"म्हणजे बोट नव्हतीच?"

"नव्हती."

ऋताने आधी शिडीला लाथ मारली. मग ती आईवर धावून गेली आणि तिने दोन्ही मुठींनी आईच्या पोटावर, मांडीवर, हाताला लागेल तिथे मारायला सुरुवात केली. वैशालीने अडवलं नाही. पोरगी दमेपर्यंत मारत राहिली. मग धापा टाकत बाजूला झाली आणि तिने चौकशी सुरू केली, एखाद्या पोलिसासारखी.

"चॉकलेट?"

"काकाने आणली. लालबागहून."

"बर्थडेचा फ्रॉक?"

"मी आणला. हिंदमाताहून."

"मेसेज?"

"काका."

"मग हे?" तिने आईच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बोट केलं.

"हे पप्पांनीच घातलेलं. हे खोटं नाही."

"जाळलं त्यांना?"

"हो. भोईवाड्याच्या स्मशानात."

"दुखलं?"

"जाळताना नाही दुखत. त्याच्या आधी ताप होता, तेव्हा अंग दुखत होतं."

मग ऋताने तो प्रश्न विचारला, आणि विचारताना ती आईकडे नाही, मोरीतल्या बादलीकडे बघत होती.

"मी कट्टी घेतली म्हणून मेले?"

"नाही! डेंग्यूने मेले. डास चावतो, त्याने होतो. रुसण्याने माणूस मरत नाही. मरत असता तर तुझ्या आजीने ही चाळ रिकामी केली असती."

पोरगी हसली नाही. "मी व्हिडिओ कॉलवर तोंड फिरवलेलं. त्यांनी राणीच्या बागेत पेंग्विन बघायला न्यायचं प्रॉमिस केलेलं आणि नाही नेलं म्हणून. कट्टी बोलली आणि फोन ठेवला."

"माहितीये. मी हॉस्पिटलात पप्पांजवळच होते. पप्पा हसले. म्हणाले, उद्या सोडेल."

"मी उद्या सोडली. मावशीला विचार. मी मोठ्याने बट्टी बोलली. त्यांना कळली?"

वैशालीच्या तोंडात 'हो' आला होता. एवढासा शब्द. एका शब्दात पोरगी सुटली असती. त्या क्षणी तिला सासू कळली, विनीत कळला, गुणाजी आजोबांचं ऑस्ट्रेलियासुद्धा कळलं. तिने ओठ घट्ट मिटले आणि मग उघडले.

"नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना शुद्ध नव्हती. कळली नाही."

"म्हणजे बट्टी झालीच नाही."

"नाही झाली."

तेव्हा ऋता रडली. वर्षभरात पहिल्यांदा. घसा खरवडून, लाथा झाडत, शेजारपाजाऱ्यांची पर्वा न करता. वैशालीने तिला धरलं नाही, कारण ती धरू देत नव्हती. दोघी जमिनीवर हातभर अंतराने बसून रडल्या. बाहेर सुंदराबाईंनी दार वाजवलं, मग तेही थांबलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. ऋता उठली, तिने स्वतःच वेणी घातली, तिरकी, आणि ती चहाच्या कपापुढे बसलेल्या आजीसमोर जाऊन उभी राहिली.

"तू खोटं बोललीस."

सुंदराबाईंनी पदर तोंडाला लावला.

मग विनीतसमोर. त्याने न बोलता अमितचा फोन तिच्यापुढे ठेवला. तिने तो घेतला नाही. "तू पप्पा बनायचं नाही," ती म्हणाली. "काका आहेस ना, मग काका बन." आणि ती गॅलरीत गेली.

वैशाली मागे धावली, तोवर पहिलं दार वाजलं होतं. तिथल्या बाई कणकेच्या हातांनी बाहेर आल्या. "तुम्ही सांगितलेलं पप्पा दिवाळीला येणार. खोटं बोललात." दुसरं दार. तिसरं दार. चौथ्या घरातला दाढी करणारा माणूस हसला आणि त्या पोरीचे डोळे बघून त्याचं हसू साबणाच्या फेसातच विरलं.

"वैशाली, गप कर गे तिका!" सुंदराबाई उंबऱ्यातून ओरडल्या. "अब्रूचो पंचनामो चललो!"

"बोलू दे," वैशाली म्हणाली. रात्रभर तिच्या मनात याच घरांशी भांडणं चालू होती. पोरगी तिचीच यादी वाचत होती.

गुणाजी आजोबा पेपर घ्यायला जिन्याने वर आले होते, ते आयतेच सापडले.

"तुम्ही ऑस्ट्रेलिया बोललात."

"अगे, तुझ्या आजीन सांगलेला म्हणान..."

"आजीने सांगितलं तर खोटं बोलायचं?"

आजोबांनी पेपराची घडी केली, परत उघडली. "नाय," ते म्हणाले. "चुकलो मी."

एवढ्या मोठ्या माणसाने असं म्हटल्यावर काय करायचं हे तिला ठाऊक नसावं. ती पुढे सरकली. राधाच्या दारात राधाच उभी होती, कपाळावर पट्टी.

"तू खरं बोललीस," ऋता म्हणाली. "पण सगळ्यांसमोर ओरडून बोललीस."

"तू पण किती जोरात मारलंस."

"हो."

"खेळायला येतेस?" राधाने विचारलं.

"आत्ता नाही. अजून बाकी आहेत."

ती वळली आणि मागे उभ्या असलेल्या आईवर तिची नजर थांबली. सगळी गॅलरी बघत होती.

"तू रोज बोललीस."

"हो. रोज."

"का?"

वैशालीकडे उत्तरं होती. आजीने सांगितलं, तू लहान होतीस, दुकान होतं, पैसे नव्हते. "घाबरले म्हणून," ती म्हणाली.

"मी अजून रागावलेय तुझ्यावर."

"रागाव की."

"खूप दिवस रागावणार आहे."

"चालेल. मी पण रागावलेली आहे."

"माझ्यावर?"

"नाही. तुझ्या पप्पांवर. डासांच्या दिवसांत पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला म्हणून पन्नास वेळा सांगितलं होतं मी त्यांना."

ऋताने भुवया आवळल्या. "मेलेल्या माणसावर रागवतात?"

"रागवतात."

पोरीने यावर विचार केला. कपाळावरची आठी काही गेली नाही. पण तिने मागे न बघता हात मागे केला, आईची ओढणी मुठीत धरली, आणि तिला ओढत ती पुढच्या दाराशी गेली. दार बंद होतं. दुसऱ्या हाताची मूठ करून तिने ते जोरात वाजवलं.